दार कोणी उघडलं?

कुठलाही माहितीपट बघायला बसले की पहिल्या दहा मिनिटांत माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. ही माणसं आत कशी गेली? खाणीत, तुरुंगात, इस्पितळाच्या बंद वॉर्डात, डोंगरातल्या एखाद्या अंधाऱ्या खोपटात कॅमेरा पोचलेला दिसतो, पण तो आपोआप पोचत नाही. कोणीतरी आतून कडी काढलेली असते. ती कोणी काढली, का काढली, आणि कॅमेरा निघून गेल्यावर त्या माणसाचं काय झालं, हे मला फिल्मच्या विषयाइतकंच महत्त्वाचं वाटतं. खरं तर जास्तच.

ही सवय कामातून लागली. मी माहितीपटांचं कच्चं फुटेज ऐकून कागदावर उतरवते. मुलाखती, गप्पा, मागची बडबड, सगळं टाइमकोडसकट, म्हणजे कुठलं बोलणं कितव्या मिनिट-सेकंदाला आहे त्या नोंदीसकट, टाइप करून एडिटरकडे द्यायचं. दहा मिनिटांच्या बोलण्याला तास सहज जातो, दोघं-तिघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. प्रेक्षकाला दिसतो तो दीड तास. माझ्या कानात असतो तो त्याआधीचा सगळा पसारा. शर्टाला माइक लावतानाची खरखर, घसा साफ करणं, ‘झालं का चालू?’ हा प्रश्न. आणि ‘कट’ म्हटल्यानंतरचं बोलणं. साउंड रेकॉर्डिस्टनं मशीन लगेच बंद केलेलं नसतं. इतका वेळ ताठ बसलेला माणूस खांदे सैल सोडतो आणि मनातलं बोलतो ते बरेचदा तेव्हाच. तेही मी उतरवते, आणि शेजारी लाल अक्षरांत लिहिते: ‘कॅमेरा बंद झाल्यावर. वापरायचं असेल तर आधी त्यांना विचारणे.’ हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. पण त्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

एका फिल्मचं काम करताना एक वयस्कर गृहस्थ माझ्या कानात बरेच महिने होते. त्यांचं काम काय, गाव कुठलं, हे इथे लिहीत नाही. लोकांना ज्या कामाकडे बघायचंच नसतं असं एक काम ते आयुष्यभर रात्रपाळीत करत आले. पहिल्या फायलींत ते दिग्दर्शिकेला ‘मॅडम, विचारा’ म्हणतात आणि प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देतात. मागे ट्यूबलाइटची घरघर आणि त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. ती फारसं काही विचारत नाही. नुसती बरोबर फिरते. पुढच्या फायलींत काका आपणहून सांगायला लागतात, आणि आणखी पुढे तर ‘अगं थांब, तिकडून नको, इकडून बघ म्हणजे कळेल’ असं म्हणत तेच तिला हाताला धरून नेतात. त्यांनी एकदा एक फार आतली गोष्ट सांगितली. ऐकताना मी टाइप करायची थांबले होते. फिल्मचा कच्चा कट त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तेवढंच काढायला सांगितलं. एडिटरनं समजावलं, की काका, फिल्मचा जीव तिथे आहे. दिग्दर्शिकेनं त्याच दिवशी तो तुकडा काढला. फिल्म त्यामुळे थोडी उणी झाली, हे मीही मान्य करते. तरी तिनं केलं ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या तुकड्यात काय होतं ते मीही कुठे सांगणार नाही.

तर या कानांनी मी इतरांच्या फिल्म बघते.

‘हनीलँड’ ही २०१९ची फिल्म मी पुन्हा पुन्हा बघते. उत्तर मॅसेडोनियातलं बेकिर्लिया नावाचं गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. सगळे सोडून गेलेत, पडक्या दगडी भिंती उरल्यात. ना वीज, ना धड रस्ता. तिथे हातिजे मुरातोवा ही पन्नाशीची बाई अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहते आणि मधमाश्या सांभाळते. सुरुवातीला ती एका सरळसोट कड्याच्या अरुंद कडेवरून चालत जाते, एक दगडी फरशी बाजूला करते, आणि मागे पोळ्यांच्या पिवळ्याजर्द चकत्या दिसतात. हात उघडे. माश्या अंगाखांद्यावर. ती त्यांच्याशी गाण्यासारखं काहीतरी पुटपुटत असते. मध काढताना तिचा हिशेब ठरलेला: अर्धा माझा, अर्धा तुमचा.

दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव तिथे गेले होते ते निसर्ग संवर्धनाच्या एका प्रकल्पासाठी छोटीशी फिल्म करायला. हातिजे भेटली आणि छोटी फिल्म बाजूला राहिली. तीन वर्षं ते येत-जात राहिले, तिथेच तंबू ठोकून राहिले, चारशे तासांच्या वर फुटेज जमलं. यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे हातिजे आणि तिची आई बोलतात ती जुन्या वळणाची तुर्की बोली या दिग्दर्शकांना कळतच नव्हती. समोर आई-मुलीचं काय चाललंय ते चेहऱ्यांवरून आणि हातांवरून ओळखायचं. संकलनही आधी चित्रं बघून सुरू झालं, शब्द नंतर आले. माझा सगळा धंदा शब्दांचा, म्हणून मी एकदा आवाज बंद करून ती फिल्म बघितली. बरीचशी कळते.

त्यातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. खोपटाची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक. तेवढाच उजेड, नाहीतर मेणबत्ती. आई त्या कोपऱ्यात पडलेली, एक डोळा गेलेला, डोक्याला फडकं. हातिजे तिला भरवते, चिडते, परत जवळ बसते. रागावून बोललेलं दोघींनाही मनाला लागत नाही, कारण त्या दोघींशिवाय तिथे कोणी नाही. खोली इतकी लहान, की कॅमेरा धरणारा माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर असणार. तरी दोघी एकदाही त्याच्याकडे बघत नाहीत. नवख्याला हे साधं वाटेल. माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये सुरुवातीचे कित्येक तास माणसं दर दोन मिनिटांनी कॅमेऱ्याकडे बघत असतात, केस सारखे करत असतात, पाहुणा आल्यासारखं बोलत असतात. कॅमेरा घरातल्या खुंटीसारखा दिसेनासा व्हायला दिवस जावे लागतात, आणि त्या दिवसांचे पैसे द्यायला सहसा कोणी तयार नसतं.

मग शेजारी एक कुटुंब येऊन राहतं. सात मुलं, गाईगुरं, ओढून आणलेली गाडीवरची खोली. हातिजे त्यांनाही माश्या पाळायला शिकवते. व्यापारी त्या घरच्या बापाला जास्त मधासाठी टोचत राहतो, बाप सगळाच मध काढतो, उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. फिल्म इथे कोणाला खलनायक करत नाही. त्या बापाच्या डोक्यावर सात पोरांचं ओझं आहे, ते दिसत राहतं. दिग्दर्शकांना त्याच्या दारातही शिरता आलं, म्हणून हे जमलं. एकाच घरात कॅमेरा राहिला असता तर भांडणाची एकच बाजू आली असती.

फिल्म नंतर ऑस्करच्या दोन विभागांत एकदम नामांकनाला गेली, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट. त्याआधीच फिल्म करणाऱ्यांनी हातिजेसाठी जवळच्या दोर्फुलिया गावात, माणसांच्या वस्तीत, एक घर घेऊन दिलं होतं. माहितीपटवाल्यांनी विषयाला पैसे किंवा वस्तू द्याव्यात का, यावर या क्षेत्रात जुना वाद आहे. पैसे दिले की माणूस पैशासाठी बोलेल, खरं सांगणार नाही, असं एक मत. मला हे मत चित्रीकरण चालू असेपर्यंत पटतं. चित्रीकरण संपल्यावर, फिल्म जगभर फिरत असताना, जिच्या जगण्यावर ती उभी आहे ती बाई मात्र विजेशिवाय खोपटात, हे मला कुठल्याही तत्त्वानं पटवता येणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी याची सुरुवात कशी झाली होती ते बघितलं की फरक कळतो. रॉबर्ट फ्लॅहर्टीची ‘नानूक ऑफ द नॉर्थ’, १९२२. कॅनडाच्या उत्तरेकडच्या हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या इन्युइट लोकांवरची फिल्म, पैसे दिले होते केसाळ कातडी विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीनं. नानूक हे नाव फिल्मपुरतं. त्या माणसाचं नाव अल्लाकारिआल्लाक. फिल्ममधली त्याची बायको त्याची बायको नव्हती. इन्युइट तेव्हा बंदुका वापरत होते, तरी फ्लॅहर्टीनं त्यांना वॉलरसची शिकार भाल्यानं करायला लावली. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून अर्धंच घर बांधलं आणि सगळं कुटुंब उघड्यावर, थंडीत, झोपेतून उठल्याचा अभिनय करत होतं.

यावरून त्या फिल्मला खोटी म्हणून बाजूला टाकणारे खूप आहेत. मला खुपतं ते वेगळंच. फ्लॅहर्टी तिथेच फिल्म धूत असे, आणि धुण्यासाठी लागणारं पाणी ही इन्युइट माणसं जाड बर्फाला भोक पाडून काढून आणत. कॅमेऱ्याची देखभाल त्यांनी शिकून घेतली. धुतलेली दृश्यं तो त्यांना दाखवायचा, आणि पुढे काय चित्रित करायचं हे तीही सुचवत. म्हणजे हे लोक फिल्मचे अर्धे कर्ते होते, आणि जगापुढे आले ते ग्रामोफोनची तबकडी चावून बघणारे भाबडे लोक म्हणून. फिल्म गाजल्यानंतर दोनेक वर्षांत अल्लाकारिआल्लाक वारला. तो शिकारीला गेला असता उपासमारीनं गेला असं फ्लॅहर्टी सांगत असे. बहुधा तो घरीच क्षयानं गेला. मरणसुद्धा त्या गोष्टीला शोभेल असं बेतून सांगितलं गेलं.

दाराची कडी काढणारा आणि आत राहणारा, ही दोन वेगळी माणसं असली की काय होतं, ते ‘टिटिकट फॉलीज’मध्ये दिसतं. फ्रेडरिक वाइझमन या वकिलीच्या प्राध्यापकानं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटर इथल्या, गुन्हेगारी खटल्यांतल्या मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात १९६६ साली हे चित्रीकरण केलं. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, नुसतं बघत राहणं. एका माणसाला, जो एके काळी शिक्षक होता, पहारेकरी त्याच्या खोलीच्या स्वच्छतेवरून तेच ते विचारून छळतात आणि तो नागव्यानं कोठडीत पाय आपटत राहतो. दुसऱ्याच्या नाकात नळी घालून अन्न ओततात. ओतणाऱ्या डॉक्टरच्या ओठात सिगारेट, राख त्या नळकांड्यावर लोंबतेय.

परवानगी इस्पितळाच्या प्रमुखानं आणि राज्य सरकारनं दिलेली होती. फिल्म दाखवायची वेळ आली आणि त्याच सरकारनं कोर्टात धाव घेतली. कारण सांगितलं रुग्णांच्या खासगीपणाचं. १९६८ साली न्यायाधीशानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. वरच्या कोर्टानं ते बदलून डॉक्टर, वकील, समाजसेवक, विद्यार्थी अशांनाच दाखवायची मुभा दिली. सर्वांसाठी फिल्म खुली झाली ती थेट १९९१ साली.

या प्रकरणात माझं मत अजून एका जागी बसलेलं नाही. ज्या सरकारनं माणसांना कपड्यांशिवाय कोंडून ठेवलं, त्याला त्यांच्या लाजेची आठवण कॅमेरा आल्यावर व्हावी, याचा संताप येतो. आणि तरीही त्या शिक्षकाला कोणी धड विचारलं होतं का, हा प्रश्न तिथेच राहतो. तो हो म्हणण्याच्या अवस्थेत होता का? चेहरा झाकला असता तर चाललं असतं का? मला वाटतं नसतं चाललं. त्या चेहऱ्यामुळेच ती फिल्म मला झोपू देत नाही. पण हा निर्णय त्याच्यासाठी मी घेतेय, हेही तितकंच खरं.

जोशुआ ऑपनहाइमरच्या दोन फिल्म या बाबतीत सगळ्यात पुढे गेल्यात असं मी मानते. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली, आणि मारणारे पुढे कित्येक दशकं गावागावांत मानानं राहिले. ऑपनहाइमर आधी वाचलेल्या कुटुंबांबरोबर काम करत होता. लष्कराच्या धमक्या आल्या. तेव्हा त्या कुटुंबांनीच त्याला सांगितलं की आम्हाला सोड, मारणाऱ्यांकडे जा, ते आपणहून फुशारकीनं सांगतील. तसंच झालं. ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) मध्ये मारेकरी आपले खून सिनेमातल्या दृश्यांसारखे करून दाखवतात, नाचतात, मेकअप करतात. इथे दार उघडलं ते गुन्हेगारांनी, आणि रस्ता दाखवला तो ज्यांना बोलायची सोय नव्हती त्यांनी. फिल्म संपल्यावर श्रेयनामावली वर सरकते आणि एकामागून एक ओळीत ‘अनामिक’, ‘अनामिक’, ‘अनामिक’. एक सहदिग्दर्शकसुद्धा अनामिक. कॅमेरा, आवाज, गाडी चालवणारे, कितीतरी जण. स्वतःच्या देशात स्वतःचं नाव लावता येत नव्हतं म्हणून.

दुसरी, ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (२०१४), मला त्याहून मोठी वाटते. आदी हा चष्म्याचे नंबर काढणारा माणूस. त्याच्या थोरल्या भावाला त्या हत्याकांडात मारलेलं, आदीच्या जन्माच्या आधी. तो एकेका मारेकऱ्याच्या घरी जातो, त्याच्या नाकावर तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम चढवतो, एक भिंग काढतो, दुसरं घालतो, ‘आता नीट दिसतंय का?’ विचारतो, आणि त्याच शांत सुरात विचारतो की त्या वेळी तुम्ही काय केलंत. समोरचा म्हातारा आधी रंगात येऊन सांगतो. मग आदी सांगतो, माझा भाऊ त्यात होता. ती फ्रेम डोळ्यांवर तशीच, आणि मागचा चेहरा हळूहळू बदलतो. कोणी धमकी देतो, कोणी उठून जातो, एका ठिकाणी मारेकऱ्याची मुलगी आदीची माफी मागते. हातात हत्यार नाही, आवाज चढलेला नाही. माझ्या कामात मी शेकडो मुलाखती ऐकते, पण प्रश्न विचारल्यावर गप्प बसायला आदीला जसं येतं तसं क्वचितच कोणाला येतं. आदीच्या कुटुंबाला फिल्मनंतर देशाच्या दुसऱ्या भागात जाऊन राहावं लागलं. फिल्म बाहेर येण्याआधी तशी तयारी केलेली होती. धोका त्यांचा होता, म्हणून निर्णयही त्यांच्याशी बोलून झाला.

एरोल मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’ची (१९८८) गोष्ट पुष्कळांना माहीत असते: डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनासाठी शिक्षा झालेला रँडल डेल ॲडम्स त्या फिल्ममुळे १९८९ साली सुटला. त्यानंतरचं कमी जणांना माहीत असतं. सुटून आल्यावर ॲडम्स आणि मॉरिस यांच्यात कायदेशीर वाद झाला, तो ॲडम्सच्या आयुष्याच्या गोष्टीवर हक्क कोणाचा यावरून. शेवटी कोर्टाबाहेर मिटला. ‘ज्यानं सोडवलं त्याच्यावरच उलटला’ असं याबद्दल बोललेलं मी ऐकलंय आणि मला ते अजिबात आवडत नाही. बारा वर्षं तुरुंगात गेलेल्या माणसानं निदान स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावावर असावी म्हणणं, यात कृतघ्नपणा कुठला?

माझ्या कामामुळे मनात घर केलेलं एक दृश्य १९६०च्या उन्हाळ्यातलं, पॅरिसमधलं आहे. जाँ रूश आणि एदगार मोरँ यांची फिल्म, ‘एका उन्हाळ्याची बखर’ म्हणता येईल अशा नावाची. हलका कॅमेरा आणि खांद्याला अडकवता येणारा नाग्रा रेकॉर्डर नुकते हाताशी आले होते. मार्सलीन लोरिदाँ ही तरुणी, आउशवित्झ-बिर्केनाउच्या छळछावणीतून परत आलेली. रस्त्यातून ती एकटी चालते, रेकॉर्डर तिच्याच खांद्यावर, माइक तिच्याच कपड्यांना. कॅमेरा गाडीत ठेवलेला, तो लांब लांब जात राहतो. ती खालच्या आवाजात बापाशी बोलते, जो त्या छावणीतून परत आला नाही. तिच्या जवळ कोणी नाही. प्रश्न विचारणारा नाही, मान डोलावणारा नाही. किती सांगायचं, कुठे थांबायचं हे तिच्या हातात, कारण यंत्रच तिच्याकडे. पुढे ती स्वतः माहितीपट करू लागली, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. त्या फिल्मच्या शेवटी सगळ्या सहभागी लोकांना थिएटरात बसवून फिल्म दाखवलीय आणि त्यांचं भांडणही फिल्ममध्ये ठेवलंय: हे खरं वाटलं, ते उघडंवाघडं वाटलं, हे नाटकी वाटलं. असं दाखवणं आज तरी सगळीकडे पाळलं जातं का? नाही. वेळ नाही, पैसे नाहीत, आणि भीती असते की माणूस नको म्हणेल.

नको म्हणण्याचा हक्क किती लांबवर पुरतो, हे ब्रिटनमधल्या ‘अप’ मालिकेत बघायला मिळतं. १९६४ साली सात वर्षांची चौदा मुलं निवडली आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत गेले, २०१९ मध्ये ती त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत. पहिल्या भागात मायकल ॲप्टेड हा मुलं निवडायला मदत करणारा तरुण होता. तिथपर्यंतचे पुढचे सगळे भाग त्यानंच केले. यातल्या कोणी सातव्या वर्षी हो म्हटलेलं नव्हतं, हो म्हटलं ते मोठ्यांनी. एक जण अठ्ठाविसाव्या वर्षी सरकारवर टीका करून बसला, वर्तमानपत्रांनी त्याला इतकं झोडपलं की तो बाहेर पडला आणि छप्पन्नाव्या वर्षीच परत आला. एक जण एकविसाव्या वर्षानंतर आलाच नाही, आणि तो स्वतः माहितीपटांच्या धंद्यात आहे!

‘४९ अप’मध्ये त्या चौदांतली जॅकी ही ॲप्टेडवर चिडते. तू मला असेच प्रश्न विचारतोस, तुला हवं तेच ठेवतोस, मी कशी आहे ते तूच ठरवतोस, असं तोंडावर सुनावते. ती इतर कोणाहीपेक्षा कॅमेऱ्यासमोर जास्त वाढलेली बाई आहे, तिला एडिटिंग म्हणजे काय ते बरोबर कळतं. ॲप्टेडनं ते सगळं फिल्ममध्ये ठेवलं. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्येही (१९८५) झोपडी पाडलेली एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच फैलावर घेते, की गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय? तेही त्यांनी कापलेलं नाही. राहुल जैनच्या ‘मशीन्स’मध्ये (२०१६) कापड कारखान्यातले कामगार घोळका करून उभे राहतात आणि कॅमेऱ्यामागच्याला विचारतात, की पुढारी येतात तसे तुम्हीही येऊन बघून जाणार; आम्ही काय करायचं ते सांगा, आम्ही करतो. तो गप्प आहे, आणि ते गप्प राहणं फिल्ममध्ये आहे.

असे प्रसंग माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये भरपूर असतात. ‘तुम्हाला यातून काय मिळणार?’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटांना पाठ झालंय. नव्या एडिटरला बहुतेक वेळा तो अडथळा वाटतो, प्रवाह तुटतो म्हणून तो आधी तेच कापतो. मी फायलीत ती ओळ ठळक करून पाठवते. कधी राहते, कधी जाते.

कोणाला या वाटेनं बघायला सुरुवात करायची असेल तर ‘हनीलँड’ आधी बघा, शक्य असेल तेवढ्या अंधारात, कारण त्या खोपटातला उजेड मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाही. ऑपनहाइमरच्या दोन्ही फिल्म एका रात्रीत बघू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या, पण क्रम तोच ठेवा. आणि नावं वर सरकायला लागली की ॲप लगेच त्यांना कोपऱ्यातल्या चौकोनात ढकलून पुढची फिल्म सुरू करू बघतं, ते थांबवा आणि नावं शेवटपर्यंत वाचा.